साखळी काढू नकोस

बुधवार, १४ जून

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. माहेरी तुम्ही मायलेकी सुखरूप असाल. इथं माझ्या आईचे गुडघे कुरकुरताहेत, तोंड मात्र ठणठणीत आहे. भिंगरीचा हलणारा दात पडला का? तुझा फोन दादाच्या नावावर आहे, म्हणून फोन न करता हे पत्र मैत्रिणीच्या हाती पाठवतेय. वाचून फाडून टाक. कुणाला सापडलं तर माझी नोकरी गेलीच समज.

तू मुलीला पळवून नेलंस, अशी तक्रार दादानं आमच्या ठाण्यात दिलीय. उद्या सकाळी पोलीस येतील. आवाज चढवू नकोस, पण दाराची साखळीही काढू नकोस. फटीतूनच ओळखपत्र बघ, तक्रारीची प्रत माग आणि विचार, "मुलीला न्यायचा कोर्टाचा आदेश आहे का?" नाहीये. कागद मी पाहिलेत. "मुलगी आईजवळ, आजोळी आहे, एवढं लिहून घ्या," म्हण आणि तिथूनच तुझ्या वकीलबाईंना फोन लाव.

दादा घटस्फोटाचा कागद आणेल. वर दोघांची संमती वगैरे गोड गोड लिहिलंय. खाली मुलीचा ताबा त्याला देऊन टाकलाय. तुला सुटका हवीय हे तो जाणतो, तिथंच तुला गाठणार. वकीलबाईंनी वाचल्याशिवाय सही करायची नाही. तू घर का सोडलंस ते मला नको सांगूस. तुझ्या दंडावरचे वळ मीच शेकलेत.

इथवर लिहून पेन थांबलं होतं. पण सांगायलाच हवं. सोबत एक महिला पोलीस लागते, आणि उद्या ती मी आहे.

मी साहेबांना म्हटलं, "सख्खा भाऊ आहे माझा, मला यातून वगळा."

ते हसले. "म्हणून तर तू! तुला बघून वहिनी दार उघडेल. पुढचं तुझा भाऊ बघून घेईल."

ही अक्कल दादाचीच. इतका संताप झालाय माझा! पण मी नाही गेले तर दुसरीला नेतील, आणि दाराशी काय घडलं ते खरं लिहिणारं कुणी उरणार नाही.

मी हाका मारीन, मला माराव्याच लागतील. लाडीगोडीही लावीन. ऐकू नकोस. भिंगरी मात्र "आत्या आली!" म्हणत सुसाट धावेल, आणि तिचा हात आता साखळीला पोचतो. तिला आधीच मागच्या खोलीत ने. रडली तर रडू दे.

नंतर विचारलंच तिनं, तर सांग, ती आत्या नव्हती, कुणीतरी दुसरीच होती.

तुझीच,
नणंद