न घेतलेलं नाव

देगलूर
४ ऑगस्ट २०२४

चि. किशन यास अक्काचे भरभरून आशीर्वाद आणि जयभीम.

वि. वि. फोनवर तू बोलतोस त्यातलं मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं मी मनानेच जुळवते आणि मग आपली भांडणं होतात. म्हणून पत्रच बरं. नोव्हेंबरात तू रिटायर होणार, सरकारी बंगला सोडून तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये जाणार, हे तुझ्याआधी तुझ्या बायकोनेच कळवलं. गीताची मला काळजी वाटते. बिचारीला आता हायकोर्टाचे न्यायमूर्ती दिवसभर घरात सांभाळायचे आहेत.

आता मुद्द्याचं. तुझ्या जागी कोण, याची नावं तिकडे ठरताहेत म्हणे. प्रियदर्शिनीचं नाव सुचव. तू वकिली करायचास तेव्हा कॉलेज संपवून ती तुझ्या कोठी भागातल्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून आली, तेव्हा तिचे वडील सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात गाठोडी उचलत होते. आज तिच्या तोडीचा वकील तुमच्याकडे कोण आहे ते मला सांग. तू गेलास की तिथे आपलं म्हणावं असं कुणी उरत नाही. तोंडाला कुलूप लावून बसू नकोस, तुझी ती सवय मला लहानपणापासून माहीत आहे.

गोळ्या वेळेवर घे. माझा राग आला तर येऊ दे, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी अक्का,
मनकर्णा

हैदराबाद
२० ऑगस्ट २०२४

ती. अक्कास किशनचा सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र गीताने मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघून हसत बसली. इकडे सामान बांधायला सुरुवात झालीय. पुस्तकं कुठे ठेवायची म्हणून ती परेशान आहे.

मुख्य न्यायमूर्तींनी मला मागेच बोलावून विचारलं होतं, की वकिलांमधलं कोण लायक वाटतं. मी दोन नावं दिली. प्रियदर्शिनीचं दिलं नाही. चिडू नकोस, आधी ऐकून घे. मी जज झालो तेव्हा मागे काय बोललं जायचं ते तुला कधी कळवलं नाही. हायकोर्टात आरक्षण नसतं हे तिथल्या शिपायालाही ठाऊक, तरी मोठमोठे वकील मला कोट्यातला म्हणायचे. एकेक निकाल मी पुन्हा पुन्हा तपासून दिला, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. आता जाता जाता तिचं नाव घेतलं तर म्हणतील, यांनी आपलंच माणूस खुर्चीत बसवलं. तो शिक्का तिच्यावर कायमचा बसेल.

तिचं काम सगळ्यांनी पाहिलंय. बाकीचे जज तिचं नाव घेतीलच आणि त्यांच्या शब्दाला वजनही जास्त येईल. तू निर्धास्त राहा.

रागावून का होईना, दोन ओळी लिहीत जा.

तुझा,
किशन

देगलूर
२ सप्टेंबर २०२४

चि. किशन यास आशीर्वाद.

मी निर्धास्त नाही. त्यांचे काका, मामे, सासरे आपापल्या पोरांची नावं खुशाल घेतात. त्याला वकिलीची परंपरा म्हणतात. आपण आपल्या पोरीचं नाव घ्यायचं तर लाज वाटते. ही कुठली रीत? चांगलं नाव कमावलंस ते कुणाच्या उपयोगी पडू द्यायचं नाही, असं ठरवलंयस का तू?

पंचावन्न उलटलं की जजच्या जागेसाठी वकिलाचं नाव सहसा कुणी धरत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. ती जानेवारीत पंचावन्नची होतेय. मुख्य न्यायमूर्तींकडे परत जा. तेवढंही होत नसेल तर तू का गप्प बसलास हे निदान तिला सांग.

जास्त लिहीत नाही. गीताला आशीर्वाद. तुलाही आहेतच.

अक्का

तारनाका, हैदराबाद
९ डिसेंबर २०२४

ती. अक्कास किशनचा जयभीम.

तुझं ऐकलं नाही. यादी गुप्त असते, तिला कसं सांगायचं, असं मनाशी म्हणत राहिलो.

निरोपाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे मला मुख्य न्यायमूर्तींच्या शेजारी बसवलं. भाषणं झाली, सगळ्यांनी मला निःस्पृह म्हटलं. प्रियदर्शिनी मागे भिंतीशी उभी होती, पुढे आली नाही. नंतर चहाच्या वेळी न्यायमूर्ती एकनाथराव मला बाजूला घेऊन गेले. नावं ठरवणाऱ्या तिघांतले ते एक. ते हळू आवाजात म्हणाले, की तिचं नाव आमच्याकडे सगळ्यांत वर होतं. पण ती तुमच्या हाताखाली वाढलेली, आणि तुम्हीच तिचं नाव घेतलं नाहीत. म्हणजे तुम्हाला तिच्याबद्दल काहीतरी वाईट ठाऊक असणार. तुमचा मान राखून आम्ही काही विचारलं नाही आणि नाव काढून टाकलं.

मी तसाच मुख्य न्यायमूर्तींकडे गेलो. ते म्हणाले, यादी दिल्लीला केव्हाच गेली. अजून तिथून कुणाचीच नेमणूक आली नाही. माझी खुर्ची रिकामी आहे आणि माझ्यासमोरच्या केसेसना नुसत्या तारखा पडताहेत.

अक्का, मला अन्न गोड लागत नाही. माझ्या चोखपणापायी पोरीचं वाटोळं झालं. काल तिला पत्र लिहून सगळं खरं ते सांगितलं. काही दोष नव्हता तुझा, असं लिहिलं. ती काय म्हणेल याची भीती वाटते.

तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? टाकू नकोस मला.

किशन

सुलतान बाजार, हैदराबाद
११ जानेवारी २०२५

आ. सरांना प्रियदर्शिनीचा जयभीम.

माझं मराठी लिहिणं शाळेनंतर सुटलं, चुका पोटात घाला. तुमचं पत्र मिळून महिना झाला. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

तुम्ही नाव दिलं नाही ही बातमी मला ऑगस्टातच कळली होती. हायकोर्टात काही लपत नाही. मग लोक गोड बोलून विचारू लागले, की सरांचं आणि तुमचं काय बिनसलं. मी काय सांगणार? तुम्ही उगीच असं करणार नाही, माझंच काहीतरी चुकलं असणार, असं मी धरलं. जुन्या केसेस काढून वाचल्या. होस्टेलच्या मुलींची केस आपण हरलो होतो, त्यात माझी तयारी कमी पडली, तेच तुमच्या मनात राहिलं असेल असं ठरवलं. आईलाही तसंच सांगितलं. ती रडली, मी नाही. चूक आहे तर सुधारता येते, असं मी तिला म्हणाले.

तुम्ही लिहिलंत की माझ्या कामात काही खोट नव्हती. मी तुमच्यातली आहे, एवढंच कारण होतं. हे वाचून माझं मन हलकं होईल असं तुम्हाला वाटलं असेल. सर, काम कमी पडलं असतं तर मी आणखी मेहनत केली असती. याला मी काय करू?

इतकी वर्षं कुणी जात बघून मला डावललं की मी कोठीला तुमच्या ऑफिसात येऊन बसायचे, तुम्ही जज झाल्यावर बंगल्यावर यायचे. वहिनी चहा द्यायच्या, तुम्ही काही बोलायचा नाहीत, तरी बरं वाटायचं. आता कुणाकडे जाऊ ते तुम्हीच सांगा.

अक्कांना माझा जयभीम कळवा. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज ते माझ्याने लिहवत नाही.

प्रियदर्शिनी