तिसऱ्या गियरमधला आवाज

रविवार, २० नोव्हेंबर १९५५

गाडी रडते. हे माझं म्हणणं नाही, मीनाक्षीचं. ‘आई, आपली गाडी कांदतेय ना?’ चौदा वर्षांची पोर, सगळं शिक्षण कलकत्त्यात, त्यामुळे मराठी हे असं, अर्धं बंगाली. म्हटलं, रडतेय म्हण. कांदा भाजीत घालतात.

पण पोरीचं खरं आहे. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गियरमध्ये एक बारीक, तीक्ष्ण आवाज येतो — पत्र्यावर कुणी सुई ओढत न्यावी तसा. तिसऱ्यात सर्वांत जास्त. चौथा पडला की थांबतो. श्यामबाजारला जाऊन येईपर्यंत माझे दात आंबले.

ह्यांना विचारलं. म्हणाले, ‘कुठे आवाज? डिझेलची गाडी आहे. डिझेल असंच बोलतं.’

झालं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मोठ्या हौसेनं घेतलेली गाडी. डमडमच्या आमच्या सबंध वसाहतीत डिझेलवर चालणारी घरची गाडी एवढी एकच. तिच्यात खोट काढणं म्हणजे ह्यांच्यात खोट काढणं.

गंमत अशी की ह्यांचे कान म्हणजे सरकारी मालमत्ता! विमानतळावरच्या बिनतारी खात्यात उभी हयात हेडफोन लावून बसलेला माणूस. वादळातल्या खरखरीतून वैमानिकाचं बोलणं वेचून काढतात. मी हळदीकुंकवाला ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की बायका माझ्याआधी शेवट सांगतात. आणि ह्या माणसाला स्वतःच्या गाडीचा आवाज येत नाही. अभिमान माणसाला बहिरा करतो तो असा.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

आज पुन्हा विषय काढला. ‘श्यामला, तुला सवय नाही डिझेलची.’ पुढे वर्तमानपत्र.

रविवार, २७ नोव्हेंबर

जयप्रकाश जेवायला आला होता. माझा धाकटा भाऊ, भवानीपूरला राहतो, बँकेत आहे, आणि जगातल्या सर्व यंत्रांबद्दल त्याचं मत असतं. फाटकातून गाडी आत येताना त्यानं ऐकली आणि हात धुवायच्या आत निकाल दिला. ‘भाऊजी, गियरबॉक्स गेला. विकून टाका.’

‘गेला म्हणजे? इथेच तर आहे,’ हे म्हणाले.

‘हा आवाज नाही ऐकू येत तुम्हाला?’

हे हसले. भात कालवत राहिले. जयप्रकाशनं माझ्याकडे पाहिलं, मी आमटीकडे.

जेवणानंतर बिमलबाबूंना बोलावलं. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं छोटं गॅरेज आहे. त्यांनी बॉनेट उघडलं, डोळे मिटले, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘बौदी, क्लच.’ बौदी म्हणजे इकडची वहिनी. जयप्रकाश म्हणाला, गियरबॉक्स. बिमलबाबू म्हणाले, क्लच. ज्याची गाडी तो माणूस मध्ये उभा राहून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होता, टेनिसचा सामना बघावा तसा.

शेवटी चहा झाला. चहावर सगळ्यांचं एकमत झालं.

शनिवार, ३ डिसेंबर

बराकपूरला नदीकाठी डबा घेऊन जायचा बेत होता. गाडी मी चालवली. दुर्गापूजेच्या सुट्टीपासून ह्यांनी मला शिकवायचा हट्टच धरला आहे. इतर नवरे बायकोला स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत, आमच्याकडे उलटं. मोठ्या रस्त्यावर मीच बसायचं, असा जणू नियम. मला वाटतं, अशी डिझेलची गाडी बायको चालवते हे लोकांनी पाहावं अशी ह्यांची इच्छा असावी.

टीटागडच्या अलीकडे तिसरा गियर आपोआप सुटला. दांडा थाडकन मागे आला आणि माझ्या मनगटावर आपटला. मागून लॉरी येत होती. ती भोंगा वाजवत इतक्या जवळून गेली की मीनाक्षीनं डब्याची पिशवी छातीशी धरली. मी गाडी कडेला घेतली.

ह्यांनी आधी माझं मनगट पाहिलं. मग गाडी जागेवर सुरू ठेवून दांड्यावर तळवा ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा. बराच वेळ. म्हणाले, ‘आवाजाचं मला माहीत नाही. पण थरथर आहे. उघडायला हवा.’

आवाजाचं मला माहीत नाही! बॉक्स उघडायला तयार, पण शब्द मागे घेणार नाहीत.

डबा रस्त्याच्या कडेला उभ्यानं खाल्ला. नदी दिसलीच नाही. परतताना तिसरा गियर वापरलाच नाही.

रविवार, ४ डिसेंबर

आज अंगणात परीक्षा झाली. मी गाडीत, हे बाहेर, बॉनेटवर वाकलेले, शेजारी बिमलबाबू.

‘न्यूट्रलमध्ये ठेव. आता आवाज आहे?’

‘आहे.’

‘क्लच दाब. आता?’

‘गेला.’

‘सोड. आता?’

‘आला. अहो, तुम्ही कान देऊन ऐका ना!’

‘तू सांग. तुझ्या तोंडून हवं आहे मला.’

मनात म्हटलं, साक्षीदाराची उलटतपासणी चालली आहे. कुठेतरी चुकेन आणि हे जिंकतील. पण मी चुकले नाही. हे सरळ होऊन बिमलबाबूंना म्हणाले, ‘क्लचचं बेअरिंग असतं तर दाबल्यावर ओरडलं असतं. दाबल्यावर थांबतं, म्हणजे गियरच्या पेटीच्या आतलं काहीतरी. चौथ्यात इंजिनाची ताकद सरळ जाते, पेटीतल्या खालच्या दांड्यावर भार येत नाही, म्हणून चौथ्यात गप्प. खालच्या दांड्याचं बेअरिंग.’

बिमलबाबूंनी मान डोलावली. आपणही हेच म्हणत होतो असा चेहरा केला.

मग खात्रीसाठी ह्यांनी एक लांब लाकडी काठी घेतली. एक टोक पेटीवर टेकवलं. बिमलबाबू दुसरं टोक कानाला लावतात. ह्यांनी हनुवटीला लावलं. बिमलबाबू बघत राहिले. मला वाटलं, बिनतारी खात्याची काही पद्धत असेल.

रविवार, ११ डिसेंबर

पेटी उतरली. बिमलबाबू आणि हे दोघं सकाळपासून गाडीखाली. बाहेर फक्त चार पाय. आधी तेल काढलं — काळं, आणि त्यात जरीसारखी चमक. मी म्हटलं, छान दिसतंय. हे म्हणाले, ‘ती चमक म्हणजे झिजलेलं लोखंड आहे.’

दुपारी पेटी जुन्या चादरीवर उघडली. दाते सगळे शाबूत. पण खालच्या दांड्याच्या बेअरिंगमधल्या गोळ्या देवी आलेल्या माणसाच्या गालासारख्या. ह्यांनी बोटानं ते कडं फिरवलं आणि डोळे मिटून हसले. लग्नात नाव घेतानाही असे हसले नव्हते.

जयप्रकाशला फोन करून सांगितलं. म्हणाला, ‘मी गियरबॉक्स म्हणालो होतो की नाही?’ विकून टाका म्हणाला होता ते विसरला.

मोरीतला साबण संपला.

शनिवार, १७ डिसेंबर

मलिक बाजारात बेअरिंग मिळालं. दुकानदारानं चार वेगळी दाखवली, ह्यांनी प्रत्येक बोटावर फिरवून पाहिलं, शेवटचं घेतलं. येताना ट्राममध्ये पुडी मांडीवर, जणू पेढे.

मी मागच्या बाकावरून दोनदा हाक मारली, की उतरायचं आहे. वळले नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. बेअरिंगच्या विचारात असणार.

रविवार, १८ डिसेंबर

हे लिहायला मन धजत नाही.

पेटी बसली. नवं तेल घातलं. ह्यांनी गाडी सुरू केली, उतरून बॉनेटपाशी आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आणि पुढून किंकाळी फुटली. पंख्याचा पट्टा सैल राहिला होता, तो घसरत होता. इतका भयंकर आवाज की मीनाक्षीनं दोन्ही कान दाबले, शेजारच्यांनी खिडकी उघडली.

हे तिथेच, पट्ट्यापासून हातभर अंतरावर उभे होते. चेहरा प्रसन्न. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बघ. एकदम शांत.’

मीनाक्षी हसली. तिला वाटलं, बाबा थट्टा करतात. बिमलबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मग इंजिन बंद केलं आणि पट्टा ताणून बसवला. पुन्हा गाडी सुरू केली. आता खरोखर शांत.

मी म्हटलं, ‘हो. एकदम शांत.’

बुधवार, २१ डिसेंबर

हे वर्तमानपत्र वाचत होते. मी मागून गजराचं घड्याळ त्यांच्या डोक्याशी नेलं आणि वाजू दिलं. त्यांनी पान उलटलं.

इंजिनाची धडधड ऐकू येते. माझं बोलणं येतं, समोर असले तर. बारीक, उंच आवाज मात्र गेले. सायकलची घंटा, दाराची बेल, मीनाक्षीची हाक. ती म्हणते, बाबा हल्ली लक्ष देत नाहीत, आणि मी तिला रागावते. लॉरीचा भोंगाही असाच हरवत असेल. गाडी मला शिकवायचा हट्ट हौसेचा नव्हताच.

हा माणूस रोज विमानतळावर जाऊन काय ऐकतो?

शुक्रवार, २३ डिसेंबर

धुकं. फाटक दिसत नाही. वर एक विमान घिरट्या घालत होतं, बराच वेळ. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत होते. त्यात माणसं असतील, नाताळला घरी येणारी. खालून त्यांना उत्तर देणारे हे.

विमान उतरलं. मी देवापुढे दिवा लावला, पण त्यानं भागण्यासारखं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतील, कुठे काय? आवाजाचं म्हणाले तसंच. जयप्रकाशला सांगितलं तर अख्ख्या भवानीपूरला कळेल.

उद्या मीच जाते. ह्यांच्या खात्याच्या गांगुलीसाहेबांना सांगते. ह्यांची नोकरी माझ्या हातून जाणार असेल तर जाऊ दे. हे मला माफ करणार नाहीत.

शनिवार, २४ डिसेंबर

एकटीनं गाडी काढली, धुक्यातून नेली. गांगुलीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग चहा मागवला. म्हणाले, ‘त्यांनी पूजेच्या आधीच स्वतः येऊन सांगितलं. त्या दिवसापासून हेडफोनला हात लावलेला नाही. फक्त म्हणाले, घरी कळू देऊ नका. बायको कानांची गोष्ट फार अभिमानानं सांगते.’

मागच्या खोलीच्या दाराला काच आहे. हे पाठमोरे बसले होते, बिघडलेलं एक यंत्र उघडून. तारा जोडत होते. मी हाक मारली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, ‘आज धुकं फार. दोन विमानं उतरवली.’

मी उठून समोरच्या खुर्चीत बसले, दिव्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील अशी. विचारलं, ‘त्रास नाही ना झाला?’