शेळ्यांची वाट

अल् खुवैर, मस्कत
१२ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
प्रशांतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला हो हो म्हणता आणि नंतर कलावतीआत्या मला सांगते की दादाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही, कानाचं मशीन टेबलावरच पडलेलं होतं. निदान बहिणीसमोर तरी ते कानात घालत जा. शेवटी रेवा म्हणाली की जुन्या पद्धतीने लिहा. ऑफिसातला आमचा हारून सुट्टीवर महाडला निघालाय, तो हे पत्र तिकडून टपालात टाकेल.

बातमी अशी की तुमचा मुलगा डोंगर चढायला लागला आहे. आधी हसून घ्या. रविवारी पहाटे गडावर न्यायला तुम्ही पांघरूण ओढायचात आणि पोट दुखतंय म्हणून जो पुन्हा झोपायचा, तोच मी. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि चालायला हवं म्हणाले. इथे चालणार कुठे? घराच्या दारातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून परत गाडीत. म्हणून हारून आणि त्याची बायको शहनाज यांच्या शुक्रवारच्या टोळीत शिरलो. उजाडताना मत्रा बंदराच्या मागच्या टेकड्या चढतो आणि हारूनला जुम्म्याची नमाज गाठायची असते म्हणून दुपारच्या आत खाली येतो. त्याने एकदा यल्ला म्हटलं की निघायचं, मग बुटाची नाडी सुटलेली असली तरी.

इथल्या डोंगरावर झाड नाही, माती नाही. नुसता दगड, तोही हाताला कापेल असा. तर काही शंका आहेत. मोजे एक घालावेत की दोन? उतरताना गुडघे का दुखतात? वाट चुकली तर काय करावं? सविस्तर लिहा. नाहीतर असं करा, जानेवारीत हवा छान असते, इथे या आणि प्रत्यक्ष शिकवा. आई गेल्यापासून तुम्ही गडावर गेला नाहीत, दुधाची पिशवी आणण्यापुरते बाहेर पडता, असं आत्या सांगते. आम्हा दोघांना त्याची फार काळजी वाटते. हे फोनवर ओरडून सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

माझी साखर कमी व्हावी आणि तुमचा लोभ वाढावा, ही विनंती.

आपला,
प्रशांत


सातारा
५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रशांत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. पंचेचाळिशीला आलेला इंजिनिअर बापाला मोजे किती घालावेत ते विचारतो, यामागचं मला काही कळत नाही असं समजू नकोस. शाळेच्या नाटकात तुला झाडाचं काम दिलं होतं, तेही तुला जमलं नव्हतं. पण विचारलंस म्हणून सांगतो.

मोजे दोन. आतला पातळ सुती, बाहेरचा जाड. पायाची नखं आदल्या दिवशी काप, नाहीतर उतरताना बुटाला लागून काळी पडतात. उतार सरळ उतरू नये, नागमोडी उतरावं आणि गुडघा ताठ ठेवू नये. घाईत असलेल्या माणसाच्या मागे चालू नये. हा तुझा हारून मला घाईतला वाटतो.

वाट चुकली तर घाबरायचं नाही. खाली बघायचं. शेण किंवा लेंड्या दिसल्या की त्यांच्या मागे जायचं. जनावर संध्याकाळी घरी जातं. लेंड्या दाट होत गेल्या की गोठा जवळ आला समजायचं. वासोट्याच्या रानापासून रायरेश्वरापर्यंत मला या युक्तीने कधी दगा दिलेला नाही.

मी तिकडे येणार नाही. डोंगर मी बंद केलेत. वय झालं, घर सोडवत नाही. कलावतीने रेवासाठी करंज्या केल्यात, हारून परत निघेल तेव्हा त्याच्याकडे देते म्हणते. त्या तू खायच्या नाहीस.

रेवास आशीर्वाद. प्रकृतीला जपणे.

तुझा,
बाबा


अल् खुवैर
८ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,
रेवाचा सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. तुम्हाला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे, पण कळवल्याशिवाय मला राहवत नाही. आधीच सांगते, ते सुखरूप आहेत.

गेल्या शनिवारी सगळे जबल अख्दरला गेले होते. तिथे डोंगराच्या पोटात पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, डाळिंबाच्या बागा आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायची जुनी दगडी वाट आहे. वाटेवर दगडांना रंगाचे पट्टे ओढलेले असतात, ते बघत जायचं. हे फोटो काढत मागे राहिले आणि पट्टे चुकले. मग तुमचं सांगणं त्यांना आठवलं. ते पत्र त्यांनी जेवताना मला दोनदा वाचून दाखवलं होतं. लेंड्या दिसल्या, त्यांच्या मागे गेले. लेंड्या दाट होत गेल्या तसा त्यांना धीर आला. शेवटी एका कपारीशी पोचले. पुढे कडा, आणि मागचा उतार इतका निसरडा की परत चढता येईना. दुपारभर तिथेच बसून होते. पाणी संपलं होतं. हारूनभाईंनी हाका मारमारून शोधलं आणि गावातल्या यूनुस नावाच्या म्हाताऱ्या शेळीवाल्याने दोर लावून वर घेतलं.

शेळीवाला म्हणाला की इथे उन्हाच्या वेळी शेळ्या घरी जात नाहीत, कड्याखालच्या सावलीत जाऊन बसतात. लेंड्या सगळ्यात जास्त तिथेच पडतात. आपल्याकडे जी खूण गावाला नेते, तीच इथे कड्याला नेते, हे यांना कुठून माहीत असणार?

तुम्हाला दोष द्यावा म्हणून हे लिहिलेलं नाही. घाईत चुकलो, एवढंच यांनी सगळ्यांना सांगितलं. पण त्या दिवसापासून हे डोंगराचं नावही काढत नाहीत. शुक्रवारी हारूनभाई खाली हॉर्न वाजवून निघून गेले. आता तिकडे तुम्ही घरात बसलेले आणि इकडे हे. बाबा, दोघांचं एकदम मला नाही सोसत. त्यांना एक खरमरीत पत्र लिहा, तुमचं ते ऐकतात.

चुकलं असेल तर रागवा, पण माया कमी करू नका.

आपली,
रेवा


सातारा
१९ डिसेंबर २०२४

चि. सौ. रेवास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. जो डोंगर मी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्याबद्दल मी इथे खुर्चीत बसून सांगितलं, आणि पोराने ते खरं मानलं. खरमरीत पत्र मी कोणत्या तोंडाने लिहू?

मी येतो. व्हिसाला काय लागतं ते कळव. कलावती मला मुंबईला विमानात बसवून देईल. ती कपार मला स्वतः बघायची आहे आणि त्याने माझ्याबरोबर तिथे यायचं आहे. नाही म्हणाला तर मी एकटा जाईन असं त्याला सांग.

तू खरं लिहिलंस, म्हणून मीही तुला एक खरं सांगतो. प्रशांतला सांगू नकोस. मी डोंगर सोडला तो वयामुळे नाही. गडावरून आलो की मीरा दार उघडायची आणि मी उंबऱ्यात असतानाच विचारायला लागायची. कोण कोण होतं, कुठे बसलात, डबा पुरला का, कोणाचा पाय मुरगळला का. मी चिडायचो. आधी आत तर येऊ दे म्हणायचो. ती गेल्यावर मी एकदा अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलो, कलावतीलाही ते ठाऊक नाही. येऊन कुलूप काढलं, आत बसलो. अंधार पडेपर्यंत कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून पाय उचलत नाही.

हे लिहून मन हलकं झालं. तुला उत्तम आयुरारोग्य लाभो.

तुझे,
बाबा


अल् खुवैर
२८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पोचल्याचा आत्याचा फोन आला. तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतंय. रेवा अजून सकाळी तीन कप चहा टाकते.

समोर असताना बोलता आलं नाही, ते लिहितो. कपारीशी जायचं म्हणालात तेव्हा मला खरंच यायचं नव्हतं. आदल्या दिवशी माझं पोट दुखायला लागलं, आणि यावेळी ते खरं होतं. तिथे पोचल्यावर तुम्ही वरच्या दगडावर बसून खाली बघितलंत आणि म्हणालात की तुमच्यावर वेळ आली असती तर तुम्हीही इथेच आला असता. बाबा, त्या एका वाक्याने माझी भीती गेली. तोवर मला वाटत होतं की तुमच्या मुलाला हेही जमलं नाही.

यूनुसचाचा आणि तुम्ही तासभर काय बोलत होता ते मला आणि हारूनला अजून कळलेलं नाही. ते अरबीत, तुम्ही मराठीत, आणि दोघांनाही ऐकायला कमी. तरी निघताना तुम्ही मला सांगितलंत की त्यांच्या थोरल्या सुनेचं आणि त्यांचं पटत नाही. हारूनने नंतर गावात विचारलं, तर ते खरं निघालं.

परतीला तुम्ही मला पुढे घातलंत. आयुष्यात मी तुमच्या मागे चाललो ते चार-दोन वेळा, तेही रडत, आणि पुढे तर कधीच नाही. मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं, पण काठीचा आवाज येत होता. घरी आल्यावर तुम्ही रेवाला तो सगळा दिवस सांगितलात, ती एकेक विचारत गेली आणि जेवण गार झालं. आई गेल्यापासून मी तुम्हाला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी शुक्रवारी पुन्हा जायला लागलोय. आता तुमचं काय, हे विमानतळावर विचारायचं होतं. नाही म्हणाल या भीतीने विचारलं नाही. आज विचारतो. रविवारी गडावर जाणार ना?

पत्राला उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला आहे, हे ध्यानात घेऊन लोभ करावा.

आपला,
प्रशांत


सातारा
१६ मार्च २०२५, रविवार

चि. प्रशांत व चि. सौ. रेवा यांस अनेक आशीर्वाद.

पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर द्यायचं म्हणजे हातात उत्तर हवं, म्हणून थांबलो. आज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलो. तय्यब मास्तर आणि गडावरची जुनी मंडळी होती. मला पुढे चला म्हणाले, मी नको म्हटलं आणि मागे राहिलो. अर्ध्या वाटेवर दम लागला. तय्यब मास्तर शेजारी बसले, गूळ-शेंगदाणे काढले, आणि मी उठल्यावर उठले.

प्रशांत, रेवाला मी डिसेंबरात एक गोष्ट लिहिली होती आणि तुला सांगू नकोस म्हटलं होतं. ती शब्दाची पक्की आहे, तिने सांगितली नसणार. आता मीच सांगतो. गडावरून घरी आलो की विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून मी जाणं सोडलं होतं. तुझ्या आईला सांगून झाल्याशिवाय माझा कुठलाच डोंगर पुरा होत नसे. ती असताना मला हे कळलं नाही. तुमच्याकडे रेवा जेवण गार होईस्तोवर विचारत बसली, तेव्हा कळलं.

आज कुलूप काढून आत आलो ते सरळ कागद घेऊन बसलो आहे. पण वर गेल्यावर काय झालं ते मी यात लिहिणार नाही. तुम्ही विचारायचं, मग मी सांगणार. पत्र वाचून आनंद झाला, एवढ्यावर भागवू नका. तुझी आई सगळ्यात आधी विचारायची की वर वारा होता का. तिथून सुरुवात करा.

तुमचा,
बाबा