हॉल नंबर दोनची हवा

२ जून
पंचाक्षरी सरांच्या क्लासच्या नव्या हॉलचं एसी डक्टिंग पूर्ण. लातुरात हवा मोजून देणारा माणूस एकच, मल्लेश. म्हणजे मी. डक्टमध्ये ऑरिफिस प्लेट बसवली. मधे भोक असलेली पोलादी चकती, तिच्यावरून किती हवा चालली ते मीटर सांगतो. चकतीचा दांडा बाहेर राहतो, त्यावर 'मल्लेश एअर सोल्युशन्स' कोरून घेतलंय. नाव भिंतीकडं जात होतं. प्लेट फिरवून दाराकडं केलं. ॲडमिशनला येणाऱ्या पालकांना दिसाय नको? वर विभूतीचे तीन पट्टे. मीटरचा आणि हॉलमधल्या जाळीतून येणाऱ्या हवेचा आकडा जुळला की नांदेड ब्रँचचं काम आपलंच, असं सर स्वतः म्हणाले.

५ जून
जुळला न्हाई. जाळीपाशी हातातलं यंत्र धरलं तर हवा लई. मीटर म्हणतो कमी. यंत्र खोटं असणार, स्वस्तातलं हाय.

६ जून
फिजिक्सच्या फरीदा मॅडम येऊन विचारून गेल्या, भाऊ, प्लेट सुलटी बसवली ना? एका बाजूची कड धारदार असते, ती येणाऱ्या हवेकडं पाहिजे म्हणे. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही शिकवा, आम्ही बसवतो. दांड्यावरचं नाव वाचून हसल्या.
संकल्प: उद्यापासून कुणाचं फुकटचं ऐकायचं नाही.

८ जून
नळ्या बदलल्या. मीटर बदलला. नवा मीटरही कमीच सांगायलाय. म्हणजे हवाच कमी हाय. एसीचा पंखा वाढवला.

९ जून
ऐन जूनात पोरी शाली पांघरून बसल्यात. माझी शिवकन्या याच हॉलमध्ये नीटची तयारी करते. म्हणाली, पप्पा, नाक गळायलंय. अभ्यासाचा ताण, दुसरं काय.

११ जून
पंखा फुल्ल केला. मीटर जवळजवळ खूश. तेवढ्यात भर टेस्टमध्ये डक्ट थडथडला, छत घुमलं. वॉचमन अण्णाराव किल्लारीचे. ओरडले, भूकंप! मिनिटात अख्खी बॅच मैदानात. पंचाक्षरी सर अनवाणी, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून. सगळ्यात पुढं मी होतो. कुणीतरी वाट दाखवायला पाहिजे ना. शिवकन्या दिसेपर्यंत मात्र जीव थाऱ्यावर नव्हता.

१२ जून
हॉल रिकामा बघून प्लेट फिरवली. पंखा कमी केला. आकडे जुळले! सरांना सांगितलं, बारीक सेटिंग होतं. नाव आता भिंतीकडं. असू द्या, कामच बोलतं.

१६ जून
नांदेडचं काम उदगीरच्या वीरण्णाला दिलं. राजकारण, सगळं राजकारण.
शिवकन्यानं टेस्टचा पेपर घरी आणला. प्रश्न सातवा, फरीदा मॅडमचा: एका कंत्राटदाराने आपले नाव दिसावे म्हणून ऑरिफिस प्लेट उलटी बसवली. मीटर जास्त दाखवेल की कमी? कारण द्या.
अख्ख्या बॅचला आलं म्हणे. माझ्या पोरीला तर पैकीच्या पैकी.
खाली पालकाची सही लागते. केली. नाव बारीक काढलं.