गोमलीच्या धाग्याचे दोन तुकडे

११ जाने. १९६२
पोषण पाहणी. फुलसावंगीच्या पुढे तांड्यावर पोरांच्या उंचीची मापं. फळीवर निजवलं की पोरं गुडघे मुडपतात, आया रडतात, मी ओरडते. गोमलीची रूपी दीड वर्षाची, पंचवीस इंच. तिची चुलत बहीण शांती त्याच आठवड्यातली, तीस. रूपीला दुधाची भुकटी सुरू. गोमलीचा माझ्या टेपवर विश्वासच नाही! करदोड्याच्या काळ्या धाग्याने दोघींना स्वतः मापलं, शांती रूपीहून जेवढी लांब तेवढा तुकडा तोडून पदराला बांधला.
"तुमचा कागद तुमच्यापाशी बाई, माहा धागा माह्यापाशी."

३ जून
गोमलीकडे अर्धी भुकटी आजोबांच्या चहात. "म्हाताऱ्याले नाही कसं म्हनू?" कपाळ माझं. ओरडून आले. परतताना उगाच वाईट वाटलं.

१९ जाने. १९६३
वर्षाने पुन्हा मापं. शांती चौतीस, रूपी साडेअठ्ठावीस. पाहणीचे डॉ. खूश. "रूपी शांतीच्या उंचीच्या शेकडा त्र्याऐंशी होती, आता चौऱ्याऐंशी. मागे पडलेली पोर भरून निघतेय. दूध बंद." गणित चोख. तेच तर डोकं फिरवतं.
गोमलीने पुन्हा धागे लावले. नवा तुकडा जुन्याशेजारी धरला. नखभर लांब.
"माही पोरगी वाढली, मले दिसते. पन शांती अजून पुढं गेली ना. मंग दूध काहून तोडता?"
भर उन्हात तिला शेकडेवारी समजावत बसले. मूर्ख मी.

२१ जाने.
डॉ.ना म्हटलं, अंतर पाच इंच होतं, साडेपाच झालं.
"शेकडा वाढला ना, सिस्टर?"
वाढला.
"मग?"
मग काय, माझं डोंबल. रूपीच्या नावापुढे 'भरून निघाली' मीच लिहायचं, माझ्याच अक्षरात. उद्या कागद टपालाने वरच्या कचेरीत.

२२ जाने.
सकाळीच गोमली दारात. सहा मैल चालत, रूपी कडेवर. भांडली असती तर बरं झालं असतं. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.
"सायबाले दाखवा. मले वाचता येत नाही, त्याईले तर येते."
रूपी माझी टेप चावत होती.
रकाना कोराच ठेवला. तुकडे त्याच ओळीत टाचणीने टोचले, पाकीट चिकटवलं. डॉ. भडकतील. भडकोत.
गोमलीला या महिन्याचा भुकटीचा डबा दिला. जाताना तिने विचारलं, "अन् पुढच्या महिन्यात येऊ का, बाई?"
मी टेप पुसत बसले.