आल्बमची राहिलेली दोन गाणी

जवळा बाजार, रविवार, २००८

आमच्या कर्कश रॉक वाजवणाऱ्या मेटलकोर बँडच्या पहिल्या आल्बमची दोनच गाणी रेकॉर्ड करायची राहिलीत. पुण्याच्या स्टुडिओत किंचाळून गाताना थुंकीत रक्त आलं, ते कुणाला सांगितलं न्हाई. आज सकाळी पुन्हा आलं. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, महिनाभर गप्प राहा, न्हाईतर आवाज कायमचा जाईल. आईला सांगावं का? तिनं तर गल्लीभर सांगून ठेवलंय, पोराची सीडी येऊन राहिली म्हणून.

संध्याकाळी आमच्या गिटारवाल्याचा फोन आला. "परवा स्टुडिओ मिळालाय. येतोस ना?" न्हाई म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. तो हॅलो, हॅलो करत राहिला. शेवटी आईनं फोन घेतला.

"व्हय, येऊन राहिला तो."

आता ती खुशीत माझी बॅग भरतेय.