शिडामागची बाजू

४ ऑक्टोबर, रविवार

तळहात सोलून निघालेत. मी पोचायच्या आधीच दादाने पुन्हा मोठं शीड चढवलेलं!

"दादा, वारा आहे. लहान लावू."

"बारक्या, पन्नाशी ओलांडलीस, अजून वाऱ्याला भितोस?"

आमच्या एवढ्याशा होडीला पुढचं ते मोठं शीड म्हणजे धाकट्याच्या अंगात थोरल्याचा सदरा. पार डोलकाठीच्या मागेपर्यंत येतं. वाऱ्यातून वळताना ते अख्खं डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यायचं — आणि त्यात वारा भरायच्या आत दोर आवळायचा. दादा सुकाणूवर, मी दोरांवर. लहानपणापासूनची वाटणी. तो "वळतोय" म्हणतो. शिडाची पुढची कड फडफडली की मी ताणलेला दोर सोडतो, त्याआधी नाही. मग पलीकडचा दोर हातावर हात टाकत खेचायचा. तोवर सुकाणूवाल्याने दम धरायचा, होडीचं नाक वाऱ्याकडेच ठेवायचं. त्याने घाई केली की शीड भरतं, आणि मग बैलाशी झोंबाझोंबी.

दादाने कधी घाई केली नाही. आज प्रत्येक वळणाला केली. होडी भलतीकडे फिरायची, शीड धाडकन भरायचं, दोर हातातून सरसरत जायचा.

"आधी कसा पलीकडच्या काठावरच्या पाण्याच्या टाकीवर नाक धरून थांबायचास!"

"हात तुझे म्हातारे झालेत, माझ्या नाकाला नावं ठेवू नकोस."

हसलो दोघं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात कात्री धरवत नव्हती. एका गिऱ्हाइकाची पँट आखूड कापली. शिव्या त्याने मला दिल्या, मी मनातल्या मनात दादाला पोचवल्या.

११ ऑक्टोबर, रविवार

हे लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की तसं काही झालंच नाही.

मोठं शीड एका बाजूला भिंतीसारखं उभं असतं. सुकाणूवर बसलेल्याला त्यामागचं काही दिसत नाही. म्हणून दोरावरच्या माणसाने अधूनमधून वाकायचं आणि शिडाखालून बघायचं. दादा हल्ली सारखा विचारतो, "शिडामागे काय आहे रे?" मी सांगतो. त्यात नवल काही नाही.

आज मी दोर गुंडाळत होतो. मान वर केली तर समोर नांगर टाकलेली मासेमारीची बोट! मी ओरडलो. दादाने सुकाणू ढकललं. तिच्या अंगाला घासत गेलो आम्ही. बोटीवरचा माणूस हातातलं जाळं टाकून उभा राहिला.

"काय आजोबा, डुलकी लागली का?"

दादा मला म्हणाला, "शिडामागे होती. दिसणार कशी?"

मी "हो" म्हटलं.

बोट शिडामागे नव्हती. उघड्या बाजूला होती. तिच्या आणि दादाच्या मध्ये काहीच नव्हतं — नुसतं पाणी आणि लख्ख ऊन.

१२ ऑक्टोबर, सोमवार

दादा बस चालवतो. सकाळची पाळी. शाळा, बाजार, दवाखाना, स्टेशन.

१४ ऑक्टोबर, बुधवार

वहिनी ब्लाउज सैल करायला घेऊन आली. मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, दादा कसा आहे.

"त्यांना काय धाड भरलीये! हल्ली पेपरसुद्धा मलाच वाचायला लावतात. म्हणतात, तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भाऊजी! मला तर संशयच येतो, बाहेर काही भानगड आहे की काय."

केवढी हसली. मी मापाची टेप गुंडाळत बसलो.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज मी लवकर गेलो आणि लहान शीड चढवून ठेवलं. दादा होडीत उतरला. पुढे जाऊन शिडाची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाला, "हे कशाला?"

"वारा वाढणारे."

"मोठं लाव."

"माझे हात जातात त्याने."

तो सुकाणूवर जाऊन बसला. लहान शीड डोलकाठीच्या अलीकडे येतच नाही. सुकाणूवरून सगळं मोकळं दिसतं. म्हणजे दिसायला हवं. "शिडामागे काय आहे" हे विचारायला जागाच नव्हती, आणि त्याने विचारलंही नाही. सुकाणू असं आवळून धरलेलं की बोटं पांढरी पडलेली. मान जराशी तिरकी, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकत असल्यासारखी. वळायच्या आधी दर वेळी एवढंच — "वळू?" आयुष्यभर "वळतोय" म्हणत आला माणूस!

मोठं शीड त्याला कशाला हवं असतं ते आज कळलं. त्याच्यामागचं कुणालाच दिसत नाही. म्हणून विचारलं तर कुणाला नवल वाटत नाही.

होडी बांधताना म्हटलं, "दादा, डोळे दाखवलेस का कुठे?"

"तुला दाखवतो की. हे बघ." वटारले माझ्यावर.

मला हसू आलं नाही. त्यालाही नसावं आलं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

डेपोत जाऊन सांगावं लागेल. त्याला समजावण्यात अर्थ नाही, तो थट्टेवारी नेईल. तोवर रोज माणसं चढतायत त्याच्या गाडीत. नोकरी जाईल. आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही.

काय लिहिलं मी हे!

२० ऑक्टोबर, मंगळवार

गेलो नाही. दुकानात गर्दी होती.

खोटं आहे. चिटपाखरू नव्हतं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

गेलो.

मॅनेजरच्या खोलीबाहेर बाकावर बसून वाक्य जुळवत होतो. आत गेल्यावर एकही आठवेना. "मी धाकटा भाऊ. दादाच्या डोळ्यांचं जरा..." एवढंच निघालं तोंडातून. मॅनेजरने उठून दार लोटलं.

"म्हणजे कळलं तुम्हाला. बरं झालं. आम्हालाच अवघड झालं होतं."

दादा दोन महिन्यांपूर्वीच येऊन गेला होता. स्वतःहून. डॉक्टरांचा कागद घेऊन. "साहेब, कडेकडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं होतंय. माझ्या हातात गाडी देऊ नका." त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. चौकशीच्या खिडकीत बसवलंय. सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत त्याला, बघावं लागत नाही.

बसमधल्या माणसांची काळजी करत मी आठवडाभर झोपलो नाही. त्याने ती माझ्याआधी केली होती.

"घरी बोलला नाही तो," मी म्हटलं.

"बायकोला सांगेन म्हणाले, त्यात लाजायचं काय. पण तुमचं नाव काढलं की हात जोडायचे. 'भावाला एवढ्यात कळू देऊ नका, साहेब. तो रविवारचा यायचा बंद होईल.'" मग त्याने विचारलं, "कुठे जाता हो तुम्ही रविवारी?"

सांगितलं.

मागच्या फाटकाने बाहेर पडलो. तिथवर लाउडस्पीकरशिवाय दादाचा आवाज ऐकू येत होता — "नाही ताई, ती पुलावरून जात नाही. तुम्ही सव्वाअकराची धरा. सावकाश जा, लागलेली नाही अजून."

२५ ऑक्टोबर, रविवार

वारा बेताचा. आज मोठं शीड मी चढवलं. दादाने येऊन कड चाचपली आणि सुकाणूवर जाऊन बसला.

धक्का मागे पडल्यावर विचारलं, "शिडामागे काय आहे रे?"

"मोकळं आहे. आणि अलीकडे, तुझ्या उजव्या हाताला, एक होडी येतेय."

अलीकडचं त्याने विचारलं नव्हतं. मी दोर धरून त्याच्याकडे बघत राहिलो.

"किती लांब?" तो म्हणाला.